रात्री अकरा ते एक : एका मुद्रितशोधक बाईंचं प्रकरण

बाई शेहेचाळीस वर्षांच्या. घरून मुद्रितशोधनाचं काम करतात. घरी नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा. डॉक्टरांकडे गेल्या त्या मान दुखते म्हणून. बोलता बोलता बाकीच्या तक्रारी निघाल्या. सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटत नाही, दुपारी चारच्या सुमारास डोळे मिटायला लागतात, घरातल्यांवर विनाकारण चिडचिड होते. आणि सगळ्यात शेवटी, जरा थांबून, त्यांनी सांगितलं की कामात चुका राहू लागल्या आहेत. वीस वर्षांत त्यांच्या हातून निसटली नव्हती अशी साधी चूक तपासलेल्या पानावर तशीच राहते आणि संपादक ते पान परत पाठवतात. याची त्यांना मानेपेक्षा जास्त धास्ती होती.

या बाई म्हणजे कोणी एक खरी व्यक्ती नव्हे. मध्यमवयीन माणसांच्या आरोग्यात ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात त्या एका आयुष्यात गुंफून हे प्रकरण रचलं आहे, आणि त्यातले तपासणीचे आकडेही तसेच रचलेले आहेत. स्पष्टीकरणासाठी ज्या अभ्यासांचा आधार घेतला आहे ते मात्र खरे आहेत.

तपासणीत काय निघालं

उपाशीपोटीची साखर ११२. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.०. मधुमेहाचं निदान ६.५ पासून पुढे होतं आणि ५.७ ते ६.४ ही त्याच्या अलीकडची पायरी, म्हणजे बाई त्या पायरीच्या मध्यावर होत्या. रक्तदाब १३६/८८. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १९२, चांगलं समजलं जाणारं एचडीएल कोलेस्टेरॉल ४१. कंबरेचा घेर ९१ सेंटीमीटर. स्त्रियांमध्ये ८० च्या पुढे धोका वाढू लागतो आणि ८८ च्या पुढे तो बराच वाढलेला असतो, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे.

थकव्याची सरळ कारणं आधी बाजूला काढली, आणि हे फार महत्त्वाचं होतं. हिमोग्लोबिन १२.६, थायरॉइड ठीक, बी१२ ठीक. नवऱ्याला विचारलं, घोरतात का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का? नाही. पाळी अनियमित होऊ लागली होती, त्याची नोंद केली. हे न तपासता ‘जीवनशैली सुधारा’ असं सांगून माणसाला परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. रक्त कमी असलेल्या बाईला चालायला सांगून तिचा थकवा जात नाही, उलट आपल्यालाच जमत नाही असं वाटून ती खचते.

मनाची स्थिती पाहण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी भरून घेतली. तिचे गुण ० ते २७ असतात. बाईंचे ११ आले, म्हणजे मध्यम पातळीच्या नैराश्याची शक्यता. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल असतो. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ असं होतं, आणि ते त्यांना समोर बसवून तोंडी पुन्हा विचारलं गेलं.

याआधीच्या दीड वर्षात याच तक्रारी त्यांनी सुट्या सुट्या कोणाकोणाला सांगितल्या होत्या. मानेसाठी व्यायाम मिळाले होते. साखरेसाठी गोड कमी करा असं सांगितलं होतं. झोपेसाठी रात्री मोबाइल नको. मनासाठी, जरा बाहेर पडत जा, माणसांत मिसळा. यातला एकही सल्ला चुकीचा नव्हता. पण चारही सल्ले पंधरा दिवसांच्या वर टिकले नाहीत, आणि प्रत्येक वेळी बाईंनी दोष स्वतःला दिला.

दिवस कसा जातो

म्हणून यावेळी नवा सल्ला देण्याआधी एक आठवडा दिवसाची नोंद ठेवायला सांगितली. कधी उठलात, कधी आडव्या झालात, कधी खाल्लं, कॉफी किती वाजता, सलग किती वेळ बसलात. शेवटचा रकाना जरा वेगळा होता : घरातली माणसं सोडून आज कोणाशी बोललात?

वही परत आली तेव्हा हा शेवटचा रकाना सातपैकी चार दिवस कोरा होता.

बाकीच्या रकान्यांतून दिवस दिसत होता तो असा. घर सहाला जागं होतं, कारण मुलाचं कॉलेज आणि नवऱ्याचं ऑफिस. तेव्हा बाई उठतात. नऊला सगळे बाहेर पडले की टेबलाशी बसतात. न्याहारी बहुतेक वेळा राहूनच जाते. नऊ ते दीड सलग काम, अडीच ते सात पुन्हा काम. कामाचे पैसे पानांवर मिळतात, तेव्हा उठणं म्हणजे पानं कमी होणं. कॉफी अकराला, चारला आणि साडेसहाला. साडेसहाची कॉफी शेवटची पानं पुरी करण्यासाठी. मग स्वयंपाक. साडेनऊला जेवण. साडेदहाला ओटा आवरून होतो. अकराला घर झोपतं.

आणि अकरापासून एकपर्यंत बाई दिवाणखान्यात एकट्या, हातात मोबाइल. काय बघता, असं विचारल्यावर त्यांना नीट सांगता येईना. कोणाच्या घराचे फोटो, कोणाचा प्रवास, काहीबाही. ‘पण त्या वेळात मला कोणी काही मागत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो.’

माझ्या मते सगळं प्रकरण या वाक्यात आहे. ‘रात्री मोबाइल नको’ असं त्यांना सांगणारा त्यांच्याकडून यंत्र काढून घेत नव्हता, दिवसातला एकमेव मोकळा वेळ काढून घेत होता आणि त्याच्या बदल्यात काहीच देत नव्हता. तो सल्ला टिकणार कसा? दोन तासांची झोप त्या निष्काळजीपणाने उधळत नव्हत्या. दुसरीकडे कुठे न मिळालेली गोष्ट त्या झोपेच्या मोबदल्यात विकत घेत होत्या.

तीन वर्षांपूर्वी हे असं नव्हतं. तेव्हा त्या छापखान्याला लागून असलेल्या ऑफिसात जात. बस थांब्यापर्यंत चालणं, उतरल्यावर पुन्हा चालणं, दोन जिने, दुपारचा डबा चार सहकाऱ्यांबरोबर. याला त्यांनी कधी व्यायाम म्हटलं नाही आणि त्या गप्पांना कधी मानसिक आरोग्य म्हटलं नाही. घरून काम सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, कारण येण्याजाण्याचा त्रास वाचला. त्या त्रासाबरोबर चालणं, जिने आणि चार माणसं एकाच दिवशी गेली. त्यांनी कोणतीही वाईट सवय लावून घेतली नव्हती. तंबाखू नाही, दारू नाही. दिवसातून फक्त काही गोष्टी वजा झाल्या होत्या.

न मोजलेल्या हालचालीचं महत्त्व दाखवणारं एक जुनं, गाजलेलं काम आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर बसणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. यातली मला आवडणारी गोष्ट पुढची आहे. मॉरिस तिथे थांबले नाहीत. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं तपासली आणि चालकांच्या कंबरेची मापं वाहकांपेक्षा मुळातच मोठी असल्याचं १९५६ मध्ये स्वतःच छापलं. म्हणजे सगळा फरक जिन्याचा नव्हता. सवय आणि आजार यांच्यामध्ये आणखी किती गोष्टी उभ्या असतात, हे तेव्हापासून संशोधकांना सतत आठवत राहिलं आहे, आणि एका बाईंचा दिवस वाचतानाही ते आठवायला हवं.

शरीरात काय चाललं होतं

एक ते सहा म्हणजे पाच तास. अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१५ मध्ये प्रौढांसाठी किमान सात तासांची शिफारस केली. बाईंचं म्हणणं होतं की आता सवय झाली आहे, पाच तास पुरतात.

शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुण पुरुषांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं गेलं. तेवढ्यात त्यांच्या शरीराची रक्तातली साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घसरली. २००४ मध्ये त्याच गटाच्या संशोधकांनी बारा तरुणांवर दोन रात्रींचा प्रयोग केला. चार तासांच्या झोपेनंतर पोट भरल्याची सूचना देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि भूक स्वतः त्या तरुणांच्या सांगण्यानुसार २४ टक्क्यांनी वाढली. बारा तरुण म्हणजे लहान प्रयोग, आणि शेहेचाळीस वर्षांच्या बाईंना ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण ‘गोड कमी करा’ हा सल्ला का टिकला नाही, याचं उत्तर इथून मिळू लागतं. चार वाजता त्यांचा हात गोडाच्या डब्याकडे जायचा तेव्हा मनोबळ कमी पडत होतं असं समजायची गरज नाही. अपुऱ्या झोपेचं शरीर तेच मागतं.

त्यात जेवण साडेनऊला. तेच अन्न सकाळी खाल्लं तर साखर जेवढी चढते त्याहून रात्री जास्त चढते, कारण इन्सुलिनचं काम दिवसाच्या घड्याळाशी बांधलेलं आहे. आणि त्याआधी अडीच ते सात हे साडेचार तास खुर्चीत गेलेले. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर आत ओढून घेतो. मांड्यांचे, पोटऱ्यांचे मोठे स्नायू स्वस्थ बसले की हा मार्ग जवळजवळ बंद. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या एकोणीस प्रौढांना पाच तास बसवून ठेवलं. एका दिवशी सलग, आणि दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालायला उठवून. दोन मिनिटांच्या त्या फेऱ्यांनी खाण्यानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी राहिलं. चाल अगदी संथ असली तरीही.

रक्तदाबाचंही झोपेशी नातं आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. रक्तवाहिन्यांना मिळणारी ती रोजची विश्रांती. झोप दोन तासांनी आखडली की विश्रांतीही तेवढी आखडते.

साडेसहाच्या कॉफीचा हिशेब बाईंनी स्वतःच केला. कॅफीनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. माणसागणिक हे कमीजास्त होतं. म्हणजे साडेअकराला अर्धी कॉफी अजून शरीरात. २०१३ मधल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने झोप तासाभराहून जास्त कमी केली. हे प्रमाण बाईंच्या एका कपापेक्षा बरंच मोठं आहे, हे खरं. पण त्यांचे दिवसाचे तीन कप होते, आणि शेवटचा सर्वात उशिरा.

मन आणि काम

कामातल्या चुकांबद्दल बाई जे बोलल्या ते मला या प्रकरणात सर्वात जास्त लागलं. माणूस आपल्या कामातल्या नजरेवर स्वतःची किंमत करत असतो. ती नजर मंदावली की तो आजार आहे असं त्याला वाटत नाही, आपणच संपलो असं वाटतं.

२००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ४८ निरोगी प्रौढांवर केलेला अभ्यास इथे नेमका लागू पडतो. काहींना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष आणि प्रतिसाद दिवसागणिक घसरत गेले, आणि अखेरीला अशा पातळीला पोचले जी सलग जागरण करणाऱ्यांमध्ये दिसते. पण आपल्याला किती झोप येते आहे, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं मोजमाप सुरुवातीच्या काही दिवसांनंतर फारसं वाढलंच नाही. काम बिघडत होतं आणि ते त्यांना कळत नव्हतं. ‘सवय झाली आहे’ हे बाईंचं वाक्य अगदी प्रामाणिक होतं, पण ज्या मापाने त्या मोजत होत्या ते मापच झोपेअभावी बोथट झालं होतं.

चूक राहील या भीतीने त्या प्रत्येक पान दोनदा वाचू लागल्या होत्या. त्यात वेळ जायचा. वेळ गेला की सातचे साडेसात, जेवण आणखी उशिरा, झोप आणखी उशिरा, आणि दुसऱ्या दिवशी नजर आणखी मंद. नैराश्य आधी आलं की झोप आधी गेली? ते शोधण्यात मला फार अर्थ दिसत नाही. दोन्ही एकमेकांना ओढतात हे आता पुरेसं स्पष्ट आहे, आणि बाईंना उत्तर नको होतं, सुटका हवी होती.

औषधाचा विचार झाला. पीएचक्यू ११, धोक्याचे विचार नाहीत, रोजचं काम चालू. चार आठवड्यांनी पुन्हा पाहायचं आणि सुधारणा नसेल तर समुपदेशन आणि औषध दोन्हींबद्दल बोलायचं, असं ठरलं. हे ठरवण्यामागे आधार होता. ब्लूमेंथल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या, नैराश्य असलेल्या १५६ जणांवर केलेल्या प्रयोगात सोळा आठवड्यांनंतर नियमित व्यायाम आणि सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध यांचा परिणाम जवळपास सारखा आला होता. औषधाचा गट तुलनेत लवकर सुधारला, हेही त्यात होतं. नैराश्य तीव्र असतं तर थांबणं योग्य ठरलं नसतं.

तो कोरा रकाना

१९४८ पासून लागू असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी केली आहे. पहिल्या दोघांसाठी तपासण्या आहेत, तज्ज्ञ आहेत. तिसऱ्याला बहुतेक तपासणी-कागदांवर जागाच नसते.

घरात दोन माणसं असताना या बाई एकट्या कशा? त्यांच्या नवऱ्याने हाच प्रश्न विचारला, जरा दुखावून. पण घरातलं नातं आणि बरोबरीच्या माणसांशी असलेलं नातं एकमेकांची जागा घेत नाहीत. घरात बाईंना काहीतरी मागितलं जातं, सांगितलं जातं. ऑफिसात त्यांना विचारलं जायचं. एखादा नियम अडला की इतर त्यांच्याकडे यायचे. ते तीन वर्षांपूर्वी थांबलं.

ज्युलियन होल्ट-लुन्स्टाड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, एकूण तीन लाखांहून जास्त माणसं. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. हा निरीक्षणांचा निष्कर्ष आहे. आजारी माणसाचे संबंध आजारामुळेही तुटतात, त्यामुळे कारण आणि परिणाम पुरते वेगळे काढता येत नाहीत. तरी एवढ्या मोठ्या फरकाकडे काणाडोळा करून फक्त साखरेचा आकडा पाहत बसणं मला पटत नाही.

सुरुवात कुठून

रूढ मार्ग आहारापासून सुरू होतो. साखर वाढलेली, कंबर वाढलेली, म्हणजे आहारतक्ता. इथे तसं केलं नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. पाच तास झोपलेल्या, चिडलेल्या, स्वतःवर नाराज असलेल्या बाईंच्या हातात आणखी एक पाळायचा कागद दिला असता तर पंधरा दिवसांनी हरण्याची आणखी एक संधी दिल्यासारखं झालं असतं.

प्रश्न असा मांडला : अकरा ते एकमधला ‘माझा वेळ’ उजेडात आणता येईल का? तो आला तर झोप आपोआप मागे सरकेल.

त्यासाठी संध्याकाळचा साडेसहा ते सव्वासातचा वेळ निवडला. तिसऱ्या कॉफीची तीच वेळ होती. बाईंची ऑफिसातली एक मैत्रीण जवळच राहायची. वर्षभरात भेट नव्हती. फोन करायला त्यांना चार दिवस लागले. ‘येतेस का माझ्याबरोबर चालायला? रोज.’ मैत्रीण म्हणाली, ‘अगं, मी तुझ्या फोनची वाट बघत होते. मला वाटलं तुला आता वेळच नसतो.’

घरातला भाग जास्त अवघड होता.

‘अहो, उद्यापासून साडेसहा ते सव्वासात मी घरात नसणार.’

‘मग जेवायला दहा वाजतील की गं.’

‘नाही वाजणार. स्वयंपाकाची सुरुवात तुम्ही करायची. आठला बसायचं.’

नवरा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी साडेसहाला ओट्यापाशी उभा होता, आणि मुलाला भाज्या धुवायला लावलं होतं. या प्रकरणातलं निर्णायक औषध कोणतं असं मला विचारलं तर मी त्या संध्याकाळकडे बोट दाखवेन.

बाकीचे बदल छोटे होते. शेवटची कॉफी दुपारी दोनच्या आत. तपासायचा मजकूर सोळा पानांच्या फर्म्यात येतो, तर दर चार पानांनी उठून घरात एक फेरी. जेवणानंतर पाऊण तास दार लावून स्वतःचं वाचन, ज्यात तपासायचं काही नाही. मोबाइल त्या वेळी स्वयंपाकघरात. तो बंद करा असं कोणी म्हटलं नाही. स्क्रीनची उंची डोळ्यांच्या रेषेत आणली आणि मानेचे व्यायाम जे आधी सुटले होते तेच पुन्हा सुरू केले.

पुढे काय झालं

पहिले काही दिवस डोकं दुखलं. कॅफीन अचानक कमी केलं की असं होतं आणि साधारण आठवड्याच्या आसपास जातं. हे आधीच सांगितलं होतं म्हणून त्या घाबरल्या नाहीत. झोप मात्र लगेच मागे सरकली नाही. पंधरा दिवसांनी साडेबारा, महिन्याने बारा. चार आठवड्यांनी पीएचक्यू ८ होता, तेव्हा औषधाशिवायच पुढे जायचं ठरलं.

सहाव्या आठवड्यात एक मोठं पुस्तक तातडीने आलं आणि सगळं कोसळलं. दहा दिवस फिरणं नाही, रात्रीचे दोन, कॉफीचे कप पुन्हा तीन. आधीच्या प्रत्येक प्रयत्नाचा शेवट इथेच झाला होता. या वेळी काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मैत्रीण खाली फाटकाशी येऊन उभी राहिली. तिला ‘नाही’ म्हणणं स्वतःला ‘नाही’ म्हणण्यापेक्षा अवघड होतं. फिलिपा लॅली यांच्या २०१० मधल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवस इतका पसरलेला होता, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही दिसलं. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सर्रास सांगितलं जातं, त्याने कितीतरी माणसांना बाविसाव्या दिवशी विनाकारण अपराधी वाटलं असेल.

सहा महिन्यांनी : एचबीए१सी ५.७, उपाशीपोटी साखर १०२, रक्तदाब १२६/८२, ट्रायग्लिसराइड १५५, कंबर ८८. वजन फक्त अडीच किलोने उतरलं, आणि त्याची बाईंना निराशा वाटली. एचडीएल हललं नाही. पीएचक्यू ६. झोप सव्वासहा-साडेसहा तास, सातपर्यंत अजून नाही. परत येणारी पानं घटली. मान अर्धीच बरी.

हे आकडे नीट वाचायला हवेत. एचबीए१सी अजून सीमेवरच आहे. रक्तदाब वाढलेला असताना पहिल्यांदा मोजला, तर पुढच्या खेपेला तो काहीसा आपसूकच खाली येतो, त्यामुळे सगळा उतार चालण्याच्या खात्यात टाकता येणार नाही. पाच-सहा गोष्टी एकदम बदलल्या, त्यातल्या कोणत्या एकीने काय केलं हे एका बाईंच्या प्रकरणावरून सांगता येत नाही. रोजच्या वागण्यातल्या बदलाने मधुमेह टळतो किंवा लांबतो याचा खरा पुरावा दुसरीकडे आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात ३,२३४ जण होते. आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि ७ टक्के वजन घटवण्याचं उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या गटात ३१ टक्क्यांनी. पण हालचालीच्या गटातल्या प्रत्येकाला नियमित भेटणारा मार्गदर्शक होता. हा तपशील आकड्याबरोबर सांगितला जात नाही, आणि मग ‘चाललं की झालं’ एवढंच लोकांपर्यंत पोचतं.

‘निवड’ म्हणताना

आरोग्यावर परिणाम करणाऱ्या रोजच्या गोष्टींना निवडी म्हणायची पद्धत आहे. बाईंच्या बाबतीत त्या निवडी किती मोकळ्या होत्या? पैसे पानांवर मिळतात म्हणून त्या साडेचार तास उठत नव्हत्या. घर सहाला सुरू होतं म्हणून उशिरा उठणं शक्य नव्हतं. नवऱ्याने संध्याकाळचा पाऊण तास उचलला नसता तर हे सगळं कागदावरच राहिलं असतं. नोकरीच रात्रपाळीची असलेल्या माणसासमोर तर झोपेची निवड जवळजवळ नसतेच, आणि रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत घातलेलं आहे. म्हणून समोरच्या माणसाला काय बदला असं सांगण्याआधी त्याच्या दिवसातला कोणता तास खरोखर त्याचा आहे, हे विचारावं असं मला मनापासून वाटतं. त्या तासाभोवती काही उभं राहू शकतं. जो तास मालकाचा किंवा घराचा आहे, त्यात माणूस एकटा फार काही करू शकत नाही, आणि त्यासाठी त्याला दोषी धरू नये.

काही गोष्टी अजून बाकी आहेत. रात्री घाम येऊन झोपमोड होते, ती रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यामुळे असावी. त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणं व्हायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. चालण्याची मिनिटं बाईंनी गाठली, पण हा दुसरा भाग सुरूच झालेला नाही. तिशीनंतर स्नायू झिजत जातात आणि पाळी थांबण्याच्या सुमारास हाडांची झीज वेगाने वाढते, त्यामुळे हे पुढे ढकलण्यासारखं नाही. वजनं उचलायची त्यांना भीती वाटते, मान पुन्हा धरेल म्हणून. फिजिओथेरपिस्टकडे दोन सत्रं ठरली आहेत, आणि मैत्रीणही बरोबर जाणार आहे. एचबीए१सी आणखी तीन महिन्यांनी पाहायचं आहे. ते पुन्हा सहावर गेलं तर मेटफॉर्मिनबद्दल डॉक्टरांशी बोलायची त्यांनी तयारी ठेवली आहे.